बॅटरी बदलण्याआधी या चुका टाळा

मार्च महिना, हळदीचे सौदे जोरात. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचे दिवाणजी लॅपटॉप घेऊन आमच्या रिपेअरिंगच्या दुकानात आले. "बॅटरी बसली बघा. लाइट गेली की अडीच ताससुद्धा दम धरत नाही. नवीन टाकून द्या."

मी म्हटलं, "काका, थांबा जरा, आधी बघू."

पहिली आणि सगळ्यात महाग चूक हीच. बॅकअप कमी झाला म्हणजे बॅटरी गेली, असं लोक धरूनच चालतात. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून 'powercfg /batteryreport' असं टाइप केलं की एक अहवाल तयार होतो. 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे नवी असतानाची क्षमता, 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आजची. काकांच्या बॅटरीची नवी असताना ४१ हजार मिलिवॉट-तास होती, आता ३६ हजार. म्हणजे बॅटरी ठणठणीत होती.

मग चार्जिंग जात कुठं होतं? स्क्रीनवर एकही खिडकी उघडी नव्हती, तरी पंखा घरघरत होता आणि कीबोर्डची डावी बाजू हाताला गरम लागत होती. काही काम सुरू नसताना लॅपटॉप गरम लागला, तर आत कोणीतरी राबतंय हे नक्की.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. काम नसलं की प्रोसेसर झोपतो, अगदी दोन कळा दाबण्याच्या मधल्या वेळेतही. ही झोप जितकी गाढ आणि लांब, तितकी वीज वाचते. पण रात्री दर पाच मिनिटांनी कोणी दार वाजवलं तर माणसाला झोप लागेल का? मागे बसलेला एखादा आळशीपणे लिहिलेला प्रोग्रॅम हेच करतो. नवीन काही आलंय का, हे तो सेकंदाला शेकडो वेळा उठून बघतो. विंडोजचं आतलं घड्याळ एरवी सेकंदाला ६४ ठोके देतं. प्रोग्रॅम त्याच्याकडे १००० ठोक्यांची मागणी करू शकतो, आणि गरज नसताना करतातही. पण दर वेळी तो क्षणभरच उठतो, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारी विंडोजची खिडकी) सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, आकडा एक-दोन टक्केच दिसतो आणि आपण त्याला सोडून देतो. ही दुसरी चूक. सीपीयूबरोबर तिथला 'पॉवर युसेज ट्रेंड' हा रकानाही बघा, आणि सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर कुठलं अ‍ॅप मागे राहून किती खातंय तेही. ३६ वॉट-तासांची बॅटरी ६ वॉटवर ६ तास चालते, ९ वॉटवर ४ तास. फक्त ३ वॉट जास्त गेले की दोन तास बुडाले.

काकांच्या मशीनवर दोन अँटीव्हायरस होते. "एकापेक्षा दोन बरे" म्हणून कोणीतरी टाकून दिलेले. एक फाइल उघडली की दोघंही ती तपासणार! एकच ठेवा. शिवाय केव्हाच विकून टाकलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर अजून त्या प्रिंटरला शोधत होतं. ते पाहून मला खरंच वाईट वाटलं, कारण दोन वर्षं रोज त्याचं बिल ही बॅटरी भरत होती.

फुलीवर क्लिक केलं की प्रोग्रॅम बंद होतो, हाही गैरसमजच. बरेचसे खाली घड्याळाशेजारच्या बाणामागे जाऊन बसतात. क्रोमच्या सेटिंग्जमध्येही ब्राउझर बंद केल्यावर अ‍ॅप्स मागे चालू ठेवण्याचा पर्याय असतो. तो बंद करा. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन रोज 'एंड टास्क' करत बसण्यातही अर्थ नाही, मशीन पुन्हा सुरू झालं की सगळे परत हजर. जे लागत नाही ते अनइन्स्टॉल करा, जे कधीमधी लागतं ते 'स्टार्टअप अ‍ॅप्स'मध्ये डिसेबल करा. नाव ओळखीचं नसेल तर आधी चौकशी करा, विंडोजच्या स्वतःच्या सेवांना हात लावू नका. आणि बॅटरी वाचवायचं म्हणून नवीन 'बॅटरी सेव्हर' टाकू नका, तोही मागे बसून वीजच खाणार. विंडोजमधला बॅटरी सेव्हर (नव्या विंडोज ११ मध्ये 'एनर्जी सेव्हर') पुरेसा आहे.

कोल्हापूर-सांगली रोज ये-जा करणाऱ्या मुलांना एक सांगणं: झाकण मिटून लॅपटॉप तसाच बॅगेत टाकू नका. बऱ्याच नव्या मशीन मिटल्यावरही आतून जाग्या राहून अपडेट उतरवतात. हायबरनेट करा, म्हणजे उघडं काम डिस्कवर साठवून मशीन पूर्ण बंद होतं.

काकांचा लॅपटॉप दुसऱ्या दिवशी पावणेपाच तास चालला, त्याच जुन्या बॅटरीवर. मात्र टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल किंवा खालचं कव्हर फुगलं असेल, तर यातलं काहीच करत बसू नका. चार्जर काढा, मशीन बंद करा आणि ती बॅटरी आधी बदलून घ्या.