बोटीच्या इंजिनला कॉम्प्रेशन किती ठेवायचं?

शेव्हीचं (शेव्हरोलेचं) ३५० स्मॉल ब्लॉक, म्हणजे ३५० घन इंचाचं V8 इंजिन, बोटीसाठी बांधताय तर कॉम्प्रेशन (पिस्टन सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण) गाडीच्या हिशोबाने धरू नका. गाडी हायवेला लागली की इंजिन निवांत असतं, बोटीचं मात्र कायम घाट चढत असल्यासारखं, तेही ३५००-४००० आरपीएमवर तासन्‌तास, आणि त्या आवाजात नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून बसणारे ठोके) ऐकूच येत नाही, कळतं तेव्हा पिस्टनची रिंगजवळची कड तुटलेली असते. म्हणून अमेरिकेतल्या साध्या ८७ ऑक्टेन पेट्रोलवर (ऑक्टेन जितका जास्त तितकं नॉकिंग कमी) लोखंडी सिलिंडर हेड असेल तर ९:१ च्या आसपासच थांबा, अॅल्युमिनियम हेडला अर्धा पॉइंट जास्त चालतो. गाडीतलं १०.५ विसरा, थोडी पॉवर गेली तर जाऊ दे. आणि हो, प्रॉपेलर जास्त पिचचा (पिच म्हणजे एका फेरीत तो जितका पुढे सरकायला हवा ते अंतर) नको, फुल थ्रॉटलला आरपीएम कंपनीच्या रेंजमध्ये यायलाच हवेत, नाहीतर इंजिनवर ताण येऊन ते ९:१ ला पण ठोकेल.