मॉडिफाय केलेल्या इंजिनासाठी स्पार्क प्लगची निवड

रिमॅप केलेल्या (इंजिनाच्या संगणकाचे सेटिंग बदललेल्या) किंवा मोठा टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवलेल्या गाडीसाठी प्लग घ्यायला म्हापसा, मडगाव किंवा फोंड्यातील स्पेअर पार्टच्या दुकानात गेले, की बहुतेक वेळा सर्वांत महागडा इरिडियम प्लग काउंटरवर येतो. इरिडियम चांगलेच असते. परंतु प्लगचा धातू आणि प्लगची हीट रेंज हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, आणि ताकद वाढवलेल्या इंजिनाच्या बाबतीत हीट रेंजचा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

प्लगच्या टोकाकडची उष्णता सिलिंडर हेडकडे किती लवकर निघून जाते, ते हीट रेंज सांगते. आतील सिरॅमिकचे नाक लांब असेल तर उष्णतेला लांबचा मार्ग कापावा लागतो आणि टोक तापलेले राहते. हा ‘हॉट’ प्लग. नाक आखूड असेल तर टोक लवकर निवते. हा ‘कोल्ड’ प्लग. टोकाचे तापमान साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सियसच्या वर गेले तरच त्यावरची काजळी जळून जाते, आणि ते ८०० अंशांच्या बरेच पुढे सरकले तर ठिणगी पडण्याआधीच पेट्रोल-हवेचे मिश्रण पेट घेऊ लागते. असे प्री-इग्निशन सुरू झाले की पिस्टन वितळायला फार वेळ लागत नाही. कोल्ड प्लगमुळे ताकद वाढते हा समज मात्र चुकीचा आहे. तो केवळ वाढलेल्या ताकदीची उष्णता बाहेर काढतो.

क्रमांक वाचताना सावध राहावे. एनजीके आणि डेन्सो या कंपन्यांच्या प्लगवर हीट रेंजचा आकडा वाढला की प्लग कोल्ड होतो, तर बॉशच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग हॉट होतो. एनजीकेचा ६, ७ आणि ८ म्हणजे साधारणपणे डेन्सोचा २०, २२ आणि २४.

मूळ ताकदीत ७५ ते १०० हॉर्सपॉवरची भर पडली तर एक पायरी (एनजीकेचा एक आकडा) कोल्ड, असा ढोबळ नियम ट्यूनर मंडळी वापरतात. छोट्या टर्बो इंजिनावर फक्त रिमॅप करून वीस-तीस हॉर्सपॉवर वाढवले असतील, तर माझ्या मते कंपनीची हीट रेंज बदलू नये, गॅप (ठिणगी जिथून उडते ते टोकांमधले अंतर) तेवढा तपासावा. गरज नसताना दोन पायऱ्या कोल्ड प्लग बसवला आणि गाडी रोज पर्वरी-पणजीच्या रांगेतच रांगत राहिली, तर प्लगवर काजळी साचून मिसफायर (ठिणगी चुकून मिश्रण न जळणे) सुरू होणार.

गॅपचा संबंध दाबाशी आहे. बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, वाढला की सिलिंडरमधील दाब वाढतो, त्याच अंतरातून ठिणगी उडवायला अधिक व्होल्टेज लागते, आणि ते पुरवणारी कॉइल कमी पडली की जोर लावताच इंजिन अडखळते. म्हणून मूळचा १.० ते १.१ मिमी गॅप असलेल्या इंजिनात बूस्ट वाढवल्यावर तो ०.७ ते ०.८ मिमीपर्यंत आणतात, आणि बूस्ट फारच जास्त असेल तर त्याहूनही कमी ठेवतात. इरिडियमचे मधले टोक तारेसारखे बारीक असते. त्याला हत्यार टेकवून गॅप कधीही वाढवू नये, केवळ बाहेरची पट्टी अलगद वाकवावी. निकेलचा प्लग लवकर झिजतो, पण स्वस्त असतो, म्हणून ट्यूनिंग चालू असताना वारंवार बदलायला तोच सोयीचा. सेटिंग स्थिरावल्यावर त्याच हीट रेंजचा इरिडियम घ्यावा.

आट्यांचा व्यास, आट्यांची लांबी आणि षटकोनाचे माप मूळ प्लगप्रमाणेच हवे. आटे लांब असलेला प्लग पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागू शकतो. इंजिनावर ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) असेल तर रेझिस्टर (विद्युत गोंगाट दाबणारा रोधक) असलेलाच प्लग घ्यावा.

निवड योग्य ठरली की नाही, हे प्लग काढून पाहिल्यावरच कळते, आणि त्यासाठी गोव्यात घाटासारखी सोय नाही. ज्या पेट्रोलवर ट्यूनिंग झाले तेच भरून केरीहून चोर्ला घाट किंवा मोलेहून अनमोड घाट वेगमर्यादा पाळून, पण इंजिनावर भार ठेवून चढावा, वर सुरक्षित जागी गाडी थांबवून लगेच इंजिन बंद करावे आणि ते पुरते निवल्यावर प्लग काढावेत. सिरॅमिक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर निवड बरोबर आहे. सुकी काळी काजळी दिसली तर प्लग अति कोल्ड आहे किंवा मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. तेलकट ओल दिसली तर दोष पिस्टन रिंगांकडे किंवा व्हॉल्व्ह सीलकडे शोधावा. सिरॅमिक पांढरेफटक, फोड आलेले किंवा ॲल्युमिनियमचे बारीक कण चिकटलेले दिसले, तर गाडी पुढे पळवू नये आणि प्लगआधी ट्यूनिंग तपासावे. एकच प्लग बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसला, तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर किंवा कॉइल संशयास्पद समजावी.

प्लग थंड हेडमध्येच, हाताने आटे धरवून, मग टॉर्क रेंचने बसवावा. ॲल्युमिनियम हेड आणि १४ मिमी आटे असतील तर साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीसाठी १५ ते २०. आट्यांना ग्रीस लावल्यास याच आकड्यावर प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो, म्हणून कोरडाच बसवावा. किनाऱ्यालगतच्या खारट दमट हवेत आणि पावसाळ्यात प्लगच्या खळग्यात पाणी किंवा गंज साचतो. प्लग काढण्यापूर्वी तो खळगा हवेच्या झोताने साफ केला नाही, तर सगळा कचरा थेट सिलिंडरमध्ये पडतो.