विंडोजचा स्वस्त परवाना घेताना या चुका टाळा

विंडोजचा परवाना पाचसातशे रुपयांत मिळतो आहे असे दिसले, की बहुतेक जण आधी विक्रेत्याचे रेटिंग तपासतात आणि आपण नेमका कोणत्या प्रकारचा परवाना विकत घेत आहोत, हे विचारायचे राहून जाते.

त्याही आधी होणारी चूक म्हणजे गरज नसताना केलेली खरेदी. २०१२मध्ये विंडोज ८ आल्यापासून, विंडोजसह विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपची प्रॉडक्ट की, म्हणजे परवान्याचा संकेतांक, सहसा मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्येच (यंत्रातच कायम बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) साठवलेली असते. त्यामुळे हार्ड डिस्क बदलली तरी तीच आवृत्ती पुन्हा टाकून इंटरनेट जोडल्यावर परवाना आपोआप लागू होतो. अडचण येते ती दुरुस्तीच्या दुकानात. मूळ लॅपटॉप ‘होम’ आवृत्तीचा असतो, दुकानदार हाताशी असलेल्या पेनड्राइव्हवरून ‘प्रो’ टाकून देतो आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ हे फिकट शब्द उमटतात. अशा वेळी नवा परवाना न घेता होम आवृत्ती पुन्हा टाकावी. अपवाद जुन्या यंत्रांचा आहे, कारण विंडोज ७ आणि ८च्या प्रॉडक्ट की विंडोज ११च्या नव्या इन्स्टॉलेशनसाठी चालण्याची सवलत मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३मध्ये बंद केली.

परवाना खरोखरच घ्यायचा असेल, तर त्याचे तीन मुख्य प्रकार लक्षात ठेवावेत. रिटेल, म्हणजे स्वतंत्रपणे विकत घेतलेला परवाना जुन्या लॅपटॉपवरून काढून नव्यावर नेता येतो, तर ओईएम, म्हणजे संगणक बनवणाऱ्यांसाठी असलेला परवाना ज्या यंत्रावर पहिल्यांदा बसला त्याच्याशीच बांधलेला राहतो. तिसरा, व्हॉल्यूम परवाना, कंपन्या आणि शिक्षणसंस्थांना त्यांच्या अनेक संगणकांसाठी दिला जातो आणि तो सुटा करून घरगुती ग्राहकाला विकण्याचा अधिकार त्या संस्थेला नसतो. बाजारातील संशयास्पद स्वस्ताईचा मोठा भाग या तिसऱ्या प्रकारातून येतो.

माझ्या भाच्याने असाच एक ‘आजीवन’ परवाना ६९९ रुपयांना घेतला होता. पहिले काही महिने कसलीही तक्रार नव्हती. सहाव्या महिन्यात मात्र परवान्याची मुदत संपत आल्याची सूचना येऊ लागली, आणि तोवर त्या विक्रेत्याचे पानच नाहीसे झाले होते. व्हॉल्यूम परवान्याच्या केएमएस पद्धतीत संस्थेचा सर्व्हर संगणकाला १८० दिवसांची मान्यता देतो आणि संगणक ठरावीक काळाने त्या सर्व्हरशी बोलून ती वाढवून घेतो. सर्व्हर बंद झाला किंवा आवाक्याबाहेर गेला, की मुदत वाढत नाही. हे पहिल्याच दिवशी कळू शकले असते. कमांड प्रॉम्प्ट उघडून एस-एल-एम-जी-आर ही अक्षरे सलग टंकावीत, एक जागा सोडून तिरकी रेघ (/) द्यावी, तिला लागूनच एक्स-पी-आर लिहून एंटर दाबावे. उघडणाऱ्या चौकटीत मुदतीची तारीख दिसली, तर तो परवाना आजीवन नाही, मग जाहिरातीत काहीही लिहिलेले असो. शेवटी एक्स-पी-आरऐवजी डी-एल-आय लिहिल्यास परवान्याचा प्रकारही दिसतो.

प्रॉडक्ट की टाकल्यावर येणारा त्रुटी क्रमांकही पुष्कळ सांगून जातो. त्याचा शेवट ‘एफ०५०’ असा असेल, तर की चुकीची टंकली गेली आहे किंवा ती वैधच नाही. शेवट ‘सी००८’ असेल, तर ती दुसऱ्या संगणकावर आधीच वापरली गेली आहे किंवा मर्यादेपेक्षा जास्त संगणकांवर वापरात आहे. यावर विक्रेते ‘अँटिव्हायरस बंद करा, लॅपटॉपचा ताबा द्या, आम्ही करून देतो’ असे सुचवतात. ते कदापि मान्य करू नये. त्रुटीचा स्क्रीनशॉट घेऊन परताव्याची मुदत संपण्यापूर्वी पैसे मागावेत. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते. त्या वेळी जीएसटीचे पक्के बिल हाताशी असलेले बरे.

रिटेल परवाना घेतल्यावर तो त्याच दिवशी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवावा. पुढे मदरबोर्ड बदलावा लागला, तर सेटिंग्जमधील ॲक्टिव्हेशनच्या पानावरील ट्रबलशूटमध्ये जाऊन ‘नुकतेच हार्डवेअर बदलले आहे’ हा पर्याय निवडून तो परत मिळवण्याची सोय त्या खात्यामुळेच होते.