फ्लाय बांधायला गळ कुठला घ्यावा

फ्लाय टाइंग, म्हणजे गळावर पिसं-दोरे बांधून माशाला फसवणारं नकली भक्ष्य (फ्लाय) तयार करणं, नवीन सुरू केलेली मंडळी पिसं, हरणाचे केस, चमकी दोरे यावर भरपूर पैसे उडवतात आणि गळ मात्र मिळेल तो घेतात. हे उलटं करा. फ्लाय तरंगणार की बुडणार, टोक वर राहणार की खाली, मोठा मासा लागला तर टिकणार की नाही, हे बरंचसं दोऱ्याचा पहिला वेढा घ्यायच्या आधीच ठरून गेलेलं असतं. म्हणून आधी मासा आणि पाणी ठरवा, मग गळ, आणि मटेरियल सगळ्यात शेवटी.

पॅकेट वाचता यायला हवं. नंबर जेवढा मोठा तेवढा गळ बारीक, म्हणजे १६ हा १२ पेक्षा लहान, आणि १ च्या पुढे १/०, २/० असं उलट मोठं होत जातं. त्यापुढे जे १एक्स, २एक्स लिहिलेलं असतं ते शँकच्या (गळाच्या सरळ दांडीच्या) लांबीचं नाहीतर तारेच्या जाडीचं. १२ नंबर २एक्स लाँग म्हणजे गॅप (टोक आणि शँक यांच्यातलं अंतर) १२ चीच पण शँक साधारण १० नंबरच्या गळाएवढी लांब, आणि १एक्स फाइन म्हणजे तार नेहमीपेक्षा एक पायरी बारीक. सगळ्या कंपन्या अगदी एकसारखं मोजत नाहीत, त्यामुळे दोन कंपन्यांचे १४ नंबर शेजारी ठेवले तर फरक दिसतो, दचकू नका.

आता हिमाचलच्या तीर्थन नदीत ब्राउन ट्राउट गरवायला जायचंय असं धरू. वर तरंगणारी ड्राय फ्लाय हवी तर तार बारीकच पाहिजे, वजन कमी एवढंच कारण, टिएमको १०० किंवा मस्टॅडचा जुना ९४८४० हे त्यातले नेहमीचे, १२ ते १६ नंबर. फोम किंवा हरणाचे केस वापरून जाडजूड फ्लाय बांधणार असाल तर गॅप मोठी असलेला गळ घ्या, कारण मटेरियलने गॅप भरून गेली की मासा फ्लाय तोंडात घेतो पण टोक कुठे रुततच नाही, मग आपण म्हणत बसतो मासे नुसते ठोसे देतायत.

खाली दगडांत चालवायची निंफ (पाण्याखालच्या किड्याच्या पिल्लासारखी फ्लाय) असेल तर जाड तार, शँक १एक्स किंवा २एक्स लाँग. पण माझं स्पष्ट मत, वाहत्या डोंगरी पाण्यात साध्या निंफ गळापेक्षा जिग गळ भारी. त्याची मान डोळ्यापाशी (दोरी ओवायच्या भोकापाशी) वाकवलेली असते, त्यावर खाच असलेला टंगस्टन मणी बसतो (१४ नंबरला साधारण २.८ मिमी), आणि वजन वरच्या बाजूला गेल्यामुळे फ्लाय उलटी होऊन टोक वर करून चालते. दगडांत अडकणं खूप कमी होतं, आणि एका दुपारी जेवढ्या फ्लाय तुटतात त्याचा हिशोब केलात तर महाग गळ स्वस्तच पडतो. कॅडिस या पाणकिड्याची अळी किंवा स्कड (कोळंबीसारखा बारका पाणजीव) बांधायचा तर गोल बाक असलेला स्कड गळ, आखूड शँकचा, जास्त विचार करू नका.

महसीरला मात्र ट्राउटचा स्ट्रीमर गळ (छोट्या माशासारख्या फ्लायसाठीचा, लांब शँकचा) अजिबात नको. महसीरच्या जबड्यात दात नसतात पण घशात असतात, आणि चावा इतका जबरदस्त की बारीक तारेचा गळ सरळ होऊन येतो. लांबी बघू नका, तार बघा, २ ते ६ नंबर आणि जाड तारेचाच.

आता आपलं कोकण. खाडीत कांदळवनाच्या कडेला जिताड्यासाठी बोयसारखी फ्लाय बांधायची तर १/० ते ३/०, डोळा सरळ, गॅप मोठी. मस्टॅड ३४००७ स्टेनलेसचा आहे, खाऱ्या पाण्यात टिकतो, पण टोक पॅकेटमधून काढून थोडं घासून घ्यावं लागतं. गामाकात्सु एसएल१२एस टोकाला जास्त धारदार, तार दणकट, मी जिताड्याला तोच घेईन. मुळांमध्ये चालवायची असेल तर क्लाउझर पद्धत वापरा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउझरची ही युक्ती, शँकच्या वरच्या बाजूला, डोळ्याच्या थोडं मागे, शिशाचे डंबेल डोळे (माशाच्या डोळ्यांसारखं दिसणारं जोडगोळीचं वजन) बांधायचे म्हणजे पाण्यात फ्लाय पालथी होते आणि टोक वर. केस बांधताना हे लक्षात ठेवा, वाईसमध्ये (बांधताना गळ धरून ठेवणाऱ्या शिकंज्यात) जी खालची बाजू दिसते ती पाण्यात पाठ होणार आहे.

गळ घेतल्यावर दोन टेस्ट कराच. वाईसमध्ये बेंडला (गळाच्या बाकाला) घट्ट पकडा आणि डोळ्याजवळ नखाने टिचकी मारा, टण् करून परत जागेवर आला तर चांगला, वाकलेलाच राहिला तर ते पॅकेट बाजूला. मग टोक अंगठ्याच्या नखावर हलकं टेकवून ओढा, घसरलं तर बोथट आहे, रुतलं तर ठीक.

आणि मासा सोडून द्यायचा असेल तर बार्ब (टोकामागचा उलटा काटा) दाबून टाका, सपाट तोंडाच्या पकडीने, पण फ्लाय बांधायच्या आधी. कधी कधी दाबताना टोकच तुटतं, ते रिकाम्या गळावर तुटलेलं परवडतं, अर्धा तास घालवून बांधलेल्या फ्लायवर नाही. बार्बलेस गळ तयारही मिळतात, ट्राउटला मी तेच सुचवेन.

सुरुवातीला सगळं घेऊ नका. ड्राय १४, जिग १४ आणि कोकणात राहत असाल तर २/० चा खाऱ्या पाण्याचा, तीन पॅकेटं पुरतात. पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी टाका, आणि खाडीवरून आल्यावर वापरलेल्या फ्लाय गोड्या पाण्यात धुऊन, पूर्ण सुकवूनच बॉक्समध्ये परत ठेवा, कारण एक ओली फ्लाय आत राहिली की शेजारच्या चारांना गंज चढतो.