क्षमा करण्यास आरंभ कसा करावा

इंदूरमधील मराठी ख्रिस्ती घरांत येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणताना अपराधांसाठी 'ऋण' हा शब्द येतो, आणि क्षमेचा विचार तेथूनच सुरू करावा. प्रथम आपले देणे किती आहे हे पाहावे. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातील दाखल्यात ज्या चाकराला दहा हजार तालांतांचे कर्ज माफ झाले, तोच सोबत्याला शंभर दिनारांसाठी तुरुंगात टाकतो. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि तालांत सुमारे सहा हजार दिनारांचा, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचा निर्दयपणा उमगतो.

नंतर झालेला अन्याय स्पष्ट शब्दांत मांडावा, कारण 'काही झालेच नाही' म्हणणे ही क्षमा नव्हे. भावाने वडिलोपार्जित घराचा वाटा नाकारला असेल, तर नातेवाइकांत चर्चा करण्याआधी त्याला एकट्याने भेटावे, असाच त्या अध्यायाचा क्रम आहे. मारहाण किंवा धाक असेल तेथे मात्र एकट्याने जाऊ नये. क्षमा केली तरी पोलिसांत तक्रार करता येते.

राग पुन्हा उफाळला, तर त्याच माणसासाठी नाव घेऊन पुन्हा प्रार्थना करावी. येशूचा शिष्य पेत्र याने क्षमेला सात वेळांची मर्यादा सुचवली होती, ती येशूने मानली नाही.