सॅटेलाइटवरून थेट मोबाईल तपासायला निघताय? आधी वाय-फाय बंद करा

जमिनीवरचा टॉवर नसेल तिथे साधा फोन थेट स्टारलिंकच्या सॅटेलाइटशी जोडणारी टी-मोबाइल या अमेरिकन मोबाईल कंपनीची सेवा तपासायला आम्ही जातो. मागच्या खेपेला अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात हायवे ५० वर, ऑस्टिन आणि युरेकाच्या मधल्या माळावर, आम्ही रात्रभर जागून चाळीस एसएमएस पाठवले. सगळे दोन-दोन सेकंदांत पोचले. थर्मासमधला चहा ओतून एकमेकांची पाठही थोपटली. घरी आल्यावर कळलं, एकही मेसेज फोनवरून थेट वर गेला नव्हता. मित्राने गाडीच्या टपावर इंटरनेटची तबकडी (डिश अँटेना) लावली होती आणि फोन तिच्या वाय-फायवर आरामात बसला होता. वाय-फाय कॉलिंग चालू असेल तर एसएमएससुद्धा तिथूनच जातात.

तेव्हा वाय-फाय बंद. तेही सेटिंग्जमध्ये जाऊन. आयफोनच्या कंट्रोल सेंटरमधलं बटण वाय-फाय फक्त तात्पुरतं तोडतं. गाडी दुसरीकडे गेली किंवा पहाटेचे पाच वाजले की पुन्हा जोडायला मोकळं. मी वाटेतल्या फॅलन गावी तेच बटण दाबून निर्धास्त झालो होतो.

पाणी, पेट्रोल, पॉवर बँक, हे काय सांगायचं.

जागा निवडताना कव्हरेजच्या नकाशावर विसंबू नका. जमिनीवरचा एखादा टॉवर, रोमिंगचा का होईना, मिळाला तर टी-मोबाइलचं सिम वर बघतच नाही. पोचल्यावर दहा मिनिटं फोन नुसता बाहेर ठेवा. ‘सॅट’ ही अक्षरं दिसेपर्यंत सुरुवात नको. आणि वाय-फाय? पुन्हा बघा.

स्टारलिंकचे हे सॅटेलाइट साधारण ३६० किलोमीटरवरून सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने जातात. एक सॅटेलाइट हाती लागतो तो काही मिनिटांपुरता. म्हणून डोंगराच्या कुशीत नको, गाडीत बसून तर नकोच. या वेगामुळे २ गिगाहर्ट्झच्या आसपासची फ्रीक्वेन्सी जवळजवळ ५० किलोहर्ट्झपर्यंत सरकते, पण ते सांभाळणं सॅटेलाइटचं काम. फोनच्या लेखी तो साधा टॉवर. तुम्ही त्यात डोकं घालू नका.

प्रत्येक मेसेजच्या मजकुरातच क्रमांक आणि वेळ लिहा: ‘१७, २१:०४:३०’. घरी तो टिपून घेणारा माणूस जागा हवा, आणि त्याला आधी विचारलेलं हवं. (मी विचारलं नव्हतं. असो.) एखादा मेसेज मिनिटभर रेंगाळला तर घाबरू नका. लागोपाठ सगळेच दोन सेकंदांत जायला लागले, तर मात्र चहा ओतायच्या आधी वाय-फाय तपासा!

वेगाची फार आशा नको. फ्रीक्वेन्सीचा पट्टा जायला ५ मेगाहर्ट्झ, यायला ५, आणि तो सॅटेलाइटच्या मैलोन्‌मैल पसरलेल्या बीममधल्या (सिग्नलच्या झोतातल्या) सगळ्यांत वाटायचा. आधी एसएमएस, मग व्हॉट्सअ‍ॅप. बाकीची बरीच अ‍ॅप्स चालतच नाहीत.

शेवटी स्क्रीनशॉट, नोंदींची दुसरी प्रत, कचरा उचलणं, झालं. तबकडी या वेळी घरीच ठेवली आहे.