बॉल जॉइंट लवकर जातोय? आधी रबरी बूट बघा

पिकअपचा बॉल जॉइंट (पुढचं चाक सस्पेन्शनला जोडणारा गोळ्याचा सांधा) वेळेआधी खिळखिळा होतो तो बऱ्याचदा त्यावरच्या फाटलेल्या रबरी बुटामुळे, म्हणजे आवरणामुळे. आत पाणी-माती शिरली की ग्रीस रेतीचा लगदा बनतं आणि गोळा घासला जातो.

दर वेळी ऑइल बदलताना बुटाभोवती बोट फिरवा. काळं ग्रीस लागलं तर चीर शोधा, मागच्या बाजूलाही बघा. ग्रीस भरायचं निपल असेल तर आधी फडक्याने पुसा, नाहीतर तिथलीच माती आत ढकलाल. मग ग्रीसगन हळूहळू दाबा. बूट जरासा फुगला की थांबा. जास्त भराल तर बूटच फाटेल. चीर नवी असेल आणि जॉइंट घट्ट असेल तर कधीकधी नुसता बूट बदलूनही भागतं.

मात्र उचललेलं चाक हलवून जॉइंटमध्ये खडखड जाणवली, तर ग्रीसच्या भरवशावर राहू नका. जॉइंट बदलेपर्यंत गाडी उभीच ठेवा.